बर्नरमधली राख

जिंतूर, गुरुवार, १२ फेब्रुवारी

काल लिहिलं ते चूक. वहिनीनं दूध उतू घालवलं म्हणून गॅसचा बर्नर बिघडला नव्हता. तो मीच भांड्यांसारखा राखेनं घासला होता. आज संध्याकाळी टाचणीनं छिद्रं टोकरली, तर राखच निघाली.

पण सकाळीच आई वहिनीला बोलली होती, "तुमच्याकडं चुलीच हायत. गॅसचं तुला काय कळतंय, बाई?"

"बरं, आत्याबाई," म्हणून वहिनी अंगणातल्या चुलीवर भाकरी करायला गेली. त्या भाकऱ्या मी जेवलेसुद्धा. राख दिसल्यावर तरी बोलायचं! हात धुतले आणि गप्प बसले. का?

शनिवारी वहिनीचे वडील येणार. आई त्यांनाही ऐकवणार. त्याआधी, उद्या शुक्रवारी, चहाच्या वेळी वहिनीसमोरच आईला सांगणार.