दंडावरची गाठ

सिंदी (रेल्वे),
ता. १२ डिसेंबर १९५५

चिरंजीव पुंडलिक यास आजीचा आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल आहे, असं मास्तरीणबाईनं आपल्या मनानंच लिहून टाकलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं. असो, राहू दे. कापसाची वेचणी सुरू आहे. म्हैस व्याली. तुह्या बापाचा खोकला होता तिथंच आहे.

तू दिवाळीले नागपूरच्या डाक्तरी कालेजातून अभ्यासाले हाडांची पेटी आणलती, त्यात एक कमी भरलं असन. हरवलं नाई. माह्यापाशी आहे, सरकीच्या पोत्यात. तुह्या मायले सांगू नको, सारं घर धुऊन काढन.

ओसरीवर बसून तू ते हाड घोकून राह्यलता. ह्युमरस, ह्युमरस. मी इचारलं, म्हणजे काय रे? तू म्हणाला, "परदेशातल्या जुन्या भाषेत खांदा." हाड दंडाचं अन् नाव खांद्याचं! टेसनाच्या पाटीवर कोसभर दूरच्या गावाचं नाव असते तसं. मग मी इचारलं, पण कोणाचं? "कोणाचं नाई, आजी," अन् लगेच फडक्यात गुंडाळलं. कोणाचं नाई असं हाड असते का बाबू? कोंबडीचं हाड असलं तरी कोणाच्या घरची कोंबडी, ते गावाले माहीत असते.

तुह्या कवडूकाकाचा दंड मोडलता, तवा तू रांगत होता. कापसाच्या बैलबंडीवरून पडला. हाडवैदानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण गाठ राह्यली, बाहेरच्या अंगाले, मधोमध. तेल चोळताना माह्या अंगठ्याखाली लागे. आधीची दोन लेकरं गेली म्हणून याले जन्मताच शेजारणीले कवडीत विकून परत घेतला होता, मरणानं वळख ठेवू नये म्हणून. तो नागपूरले गिरणीत काम पाहतो म्हणून गेला, तो गेलाच. ज्यानं मले खांदा द्यायचा, त्याचाच पत्ता नाई.

तू दोस्ताकडे गेलता, तवा मी ते हाड हातात घेतलं. तिथंच गाठ आहे. तशीच खरबरीत.

मास्तरीणबाई थांबल्या. लिहा म्हटलं बाई, शाई सुकते.

लोक म्हणतील, पवनारले नेऊन धाम नदीच्या पाण्यात सोड. कशी सोडू? सोडलं म्हणजे तो मेला. अन् ठेवलं, तर माहा लेक सरकीत निजून राह्यला. मी माहा दंड चाचपला, तुह्या बापाचाही चाचपला. तो म्हणे, "माय, काऊन चिमटे घेतं?" मांस आड येते, काई समजत नाई.

तू लिहिशील, आजी, अशी गाठ सगळ्यांच्याच हाडाले असते. लिहिशीलच. पण म्हातारीचं मन राखाले पोरं काय काय बोलतात, ते मले माहीत आहे. खोटं बोलणं तू माह्याच मांडीवर शिकला. म्हणून कागद धाडू नको. दुसऱ्या कोणाच्या दंडाचं हाड घेऊन येजो. तिसऱ्याचंही आणजो. मी डोळे मिटून अंगठा फिरवीन.

तवरोक तुहं हाड तुले भेटणार नाई.

वाट पाहणारी,
कवडूची माय,
अन् मग तुही आजी