धाकटीचा पाय दुखत नाही

३ फेब्रुवारी

धाकटी आज काठीशिवाय चालली! हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. दीर तर लेकराने पहिलं पाऊल टाकावं तसा रडला. मीही हसले. मग खोलीत येऊन माझा कृत्रिम पाय काढला आणि कोपऱ्यात भिरकावला.

एकच गाडी उलटली, आम्ही दोघी जावा आत; चालवणारा दीर खरचटण्यावर सुटला. दोघींचा डावा पाय गेला, गुडघ्याखालून. माझा त्याच दिवशी कापला, जवळच्या दवाखान्यात. तिचा वाचवायला मोठ्या इस्पितळात सहा आठवडे खटपट झाली, मग कापला. म्हणजे मी सहा आठवडे पुढे. आणि चालते ती!

५ फेब्रुवारी

दुखलं. दिवसभर.

९ फेब्रुवारी

पाय बसवणाऱ्याकडे दोघी गेलो. त्याने एका जागी बोट दाबलं — मी किंचाळले. विजेचा झटकाच! म्हणाला, ‘‘गाठ आहे. मज्जातंतू कापला की त्याचं टोक वाढत सुटतं. आपला स्नायू शोधतं. सापडला नाही की गुंता होतो.’’

‘‘हिला कशी नाही झाली?’’

धाकटी चोरट्यासारखी म्हणाली, ‘‘माझ्या डॉक्टरांनी पाय कापतानाच ती टोकं शेजारच्या स्नायूत जाणाऱ्या बारीक तंतूंना शिवली, ताई. म्हणजे त्यांना जायला जागा मिळते.’’

जागा! तिच्या तंतूंनासुद्धा घर मिळालं, माझे बेवारस. तिच्या वाट्याला भरतकाम, माझ्या वाट्याला नुसती सुरी.

१४ फेब्रुवारी

धाकटी ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती. गुणगुणत! बावीस वर्षं त्या ओट्याशी मी उभी राहिले. आता स्टुलावर बसून भाजी निवडते.

तिचंही दुखावं. एक दिवस. एकच.

लिहिलंय ते खोडणार नाही.

२० फेब्रुवारी

‘‘माझ्या डॉक्टरांना दाखवा ना, ताई. तंतू शिवायचं हे काम नंतरही करतात. खात्री तेवढी नसते, पण करतात.’’

‘‘तुझं उष्टं नको मला!’’

तिचं तोंड एवढंसं झालं. नवरा म्हणाला, ‘‘जळतेस तू तिच्यावर.’’ मी म्हटलं, ‘‘पाय जळतोय माझा!’’ दोन्ही खरं.

२ मार्च

चादर नुसती घासली तरी ओरडते. हरले. गेले तिच्या डॉक्टरांकडे. माझ्या भाचीएवढी पोरगी, पण कागदावर काढून नीट समजावलं. गाठ काढायची, मोठा तंतू स्नायूच्या तंतूला जोडायचा, दुसऱ्या तंतूचं टोक स्नायूच्या लहानशा तुकड्यात गुंडाळायचं.

विचारलंच — ‘‘हे पहिल्याच वेळी केलं असतं तर?’’

तिने पेन खाली ठेवलं. ‘‘तर बहुधा गाठ झालीच नसती.’’

बाहेर धाकटी माझी पिशवी सांभाळत बसली होती. तिचा तो समजूतदार चेहरा! पिशवी हिसकावूनच घेतली.

११ मार्च

झालं ऑपरेशन. टाके दुखतात. दुखू देत.

२८ मार्च

स्वतःच बोट दाबून पाहिलं. भीतभीत. मग जोरात. वीज नाही! पुन्हा दाबलं. नाही!! नवऱ्याला हाक मारली आणि रडतच बसले.

तरी संध्याकाळी ती ओट्याशी दिसली आणि पोटात तेच कडू. मला वाटलं होतं, गाठीबरोबर हेही निघून जाईल. चहा देताना टोचलंच तिला — ‘‘नशीबवान तू. पहिल्यापासून मोठं इस्पितळ मिळालं.’’

कप तसाच ठेवून उठून गेली.

२९ मार्च

सकाळी स्वतःहून आली. दारातच उभी. म्हणाली, ‘‘जवळच्या दवाखान्याची पहिली ॲम्ब्युलन्स आली तेव्हा एकीलाच जागा होती, ताई. तुम्ही बेशुद्ध होता. मी शुद्धीवर होते, हात पुढे केला होता. आणि माझा नवरा म्हणाला, आधी वहिनीला न्या. मोठ्या इस्पितळाची गाडी यायला तास लागला. तो तासभर मी रस्त्यावर पडून होते. तेव्हापासून मी जळते तुमच्यावर.’’

मी तिला बस म्हटलं. स्टूल पुढे केलं.