रोहू का तुटायचा

मी उदयसिंह कृष्णराव जगदाळे, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त कवायत शिक्षक, राहणार तुकोगंज, इंदूर, पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. दबाव आणायला घरात दुसरे कोणी नाहीच.

१. राहता फ्लॅट व ठेवी माझी एकुलती मुलगी रुपाली हिच्या. ती राऊला राहते, पाऊण तासावर. आईच्या श्राद्धाला येते, उभ्याउभ्या फुले वाहते आणि पाणीही न पिता जाते. तिचा राग रास्त आहे. कारण कलम तीनमध्ये दिले आहे.

२. बुद्धिबळाचा पट मित्र अच्युत यास. घड्याळदुरुस्तीचे दुकान बंद करून तो मुलाकडे बेटम्याला गेला. तेव्हापासून माझा रविवार जाता जात नाही. स्कूटर भंगारात द्यावी.

३. माझी पत्नी कै. इंदुमती हिने केलेला रोहू कढईत मऊ पडून तुटायचा. तीस वर्षे मी तिच्या हाताला नावे ठेवली. बिचारीने मीठ-हळद लावून निथळून पाहिले, आच मंद केली, डाव न घालता कढईच हलवली. व्यर्थ. रुपालीच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी भर पंगतीत म्हणालो, "ही मच्छी आहे का खिचडी?" इंदू म्हणाली, "काय करू जी, हात लावते तर बिखरून जाते." त्या दिवशी ती जेवली नाही. रुपाली त्यानंतर या घरी जेवली नाही.

चांगला माल संपतो म्हणून मी मासा सकाळीच घ्यायचो आणि मग अच्युतकडे बुद्धिबळाला बसायचो. पिशवी बाहेर, स्कूटरच्या हुकला, उन्हात. इंदू वारली, अच्युतही बेटम्याला गेला, तेव्हा एका रविवारी थेट घरी आलो आणि स्वतःच रोहू केला. माझ्यासारख्या धसमुसळ्याच्या हातून एकही तुकडी तुटली नाही. मासेवाल्या संजीवला सगळे सांगितले. तो म्हणाला, "काकाजी, गर्मीत दोन-दोन घंटे लटकवून ठेवाल तर मच्छी गलणारच ना!" दोष माझा, बोलणी तिने खाल्ली. त्या दिवशी मीही जेवलो नाही.

४. हे सांगायला मी तीनदा राऊला गेलो आणि फाटकातूनच परत फिरलो. वकील निवेदिता म्हणाल्या, "काका, माफी मृत्युपत्रात नाही बसत." म्हटले, बसवा.

५. माझे दिवस झाल्यावर आपल्यात तिखटाचे, म्हणजे मटण-मच्छीचे, जेवण करतात. तेव्हा रुपालीने ताज्या रोहूचे कालवण करावे, बाजारातून सरळ घरी येऊन. पहिले पान इंदूच्या नावाने वाढावे. मग तिने या घरी पोटभर जेवावे. मी नसेनच.

वाचून, समजून, दोघांसमोर सही केली.

उदयसिंह कृष्णराव जगदाळे

साक्षीदार:
पियुष जोशी, खालचे औषधदुकान
पूर्णिमा शास्त्री, शेजारीण (मासे खात नाहीत, तरी कधी खिडकी लावली नाही)

इंदूर, ९ मे २०२५