उरलेला चौकोन

३ मार्च
पोहोचले एकदाची! जंगलाच्या कडेचं हे घर माझं एकटीचं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, उत्तरेला मोठी खिडकी. वर साहेब म्हणजे सख्खे मामा. बाबा गेल्यावर त्यांनीच शिकवलं, आता नोकरीही त्यांच्याच हाताखाली. आई फोनवर म्हणाली, तुझं तर सोन्याहून पिवळं झालं. काम मजेचं आहे. नकाशावर जंगलाचे चौकोन पाडायचे. कुठे झाडं तोडली, कुठे लावली, कुठे गवत जाळलं ते भरायचं, आणि पुढच्या पन्नास वर्षांत कुठे काय उगवेल, कुठलं जनावर कुठे राहील, ते संगणकाकडून काढून घ्यायचं.

९ मार्च
हरणाला मोकळं गवत लागतं, साळिंदराला पडकी खोडं, घुबडाला ढोली. सगळ्यांचे नकाशे झाले. एका प्राण्याला मात्र नावच नाही, नुसतं ‘इतर’. मामा म्हणाले, जुनी नोंद आहे, राहू दे. त्याला काय लागतं ते पाहिलं: दाट सावली, पाणी आणि ‘सोबत’. हसूच आलं. कुणीतरी थट्टा केली असणार.

१६ मार्च
पुढच्या तोडणीची वीस वर्षं संगणकावर एकापाठोपाठ एक चालवून पाहिली. झाडं कमी होतात तसा ‘इतर’चा काळा डाग सरकत, आकसत जातो. शेवटी दोन हजारांतला एकच चौकोन उरतो. दोनदा ताडून पाहिलं. तो म्हणजे हे घर.
रखवालदार फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. कारण विचारलं, तर म्हणाला, तुमच्या आधीच्या बाई फार चांगल्या होत्या.

२१ मार्च
गवतात कुणीतरी बसून उठल्यासारखी दबलेली जागा. सोमवारी कुंपणापाशी होती, परवा टाकीपाशी, आज भिंतीला लागून. मी आडवी झाले तरी उरेल एवढी. हात लावला, अजून ऊब होती.
मामांना फोन केला. म्हणाले, रानडुक्कर असेल, मी आहे ना. मग विचारलं, किती वाजता दिसली?

२४ मार्च
कामाच्या संगणकावर मामांच्या फायलीत एक अहवाल सापडला. मला बोलावण्याआधीचा. ‘घरात माणूस असेल तर तो प्राणी शहराकडे सरकत नाही, तोडणी थांबवण्याची गरज नाही. आधीची सोबत चौदा महिने पुरली. नवी सोय झाली आहे. घरचीच आहे, शंका घेणार नाही.’
घरचीच.
मामा, केसाने गळा कापलात.

२५ मार्च, सकाळ
फाटकाला बाहेरून कुलूप. कुंपणाच्या तारेत वीज सोडलेली. फोन लागत नाही. भिंतीपलीकडे कुणीतरी चालतंय — मी थांबले की तेही थांबतं —

दुपार
जीप आली! मामाच. उतरले नाहीत. मी ओरडले, रडले, हात जोडले. त्यांनी काच खाली केली.
“खिडकीपाशी उभी राहा, बाळा. इथून नीट दिसत नाही.”
त्यांच्या मांडीवर वही. घड्याळ बघून लिहितायत —
आतल्या खोलीतली फरशी — जड — एक पाऊल, मग —
मामांनी लिहिणं थांबवलं. बघतायत. माझ्याकडे नाही, माझ्या मा