काळ्या खिडकीला अप्पा सापडेनात

मंगळवार पेठ, कोल्हापूर
श्रावणातला दुसरा सोमवार

चि. रेवणसिद्ध ऊर्फ आमचं पावणं यास,

तुझ्या एकुलत्या एका दाजीचे, म्हणजे या गुंडूचे, पोटभर आशीर्वाद. इकडे माझे गुडघे कुरकुरतात आणि तुझ्या अक्काचा आवाज ठणठणीत आहे, म्हणजे सगळं क्षेमकुशल समज. तिकडे बेंगळुरात तुझी बायको रुद्राणी आणि चि. शिवांश बरे असतील. शिवांशला 'व्हय' आणि 'न्हाय' एवढं तरी शिकवून ठेव, बाकीचं मराठी मी बघून घेईन.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन केला होता बाबा. एकदा तू मीटिंगमध्ये होतास, एकदा मीटिंगला निघाला होतास, आणि तिसऱ्यांदा म्हणालास, 'दाजी, ते ॲप उघडा, नंबर सांगा, मी इथूनच तुमच्या कॉम्प्युटरात शिरतो.' मी नंबर सांगितला नाही. बहिणीच्या घरी भाऊ दारातून येतो, चपला काढतो, चहा पितो. तारेतून येणाऱ्याला मी घरात घेत नाही. म्हणून हे पत्र. कागद समोर आला की माणूस निदान मीटिंगमध्ये आहे असं सांगू शकत नाही.

तर विषय असा, की तू बसवून दिलेलं ते बॅकअप बंद पडलंय.

तुला आठवत असेल (नसेलच, म्हणून सांगतो), गेल्याच्या आधीच्या दिवाळीत तू आला होतास. तुझे अप्पा, म्हणजे आमचे सासरे, तेव्हा आमच्याकडेच राहायला होते. त्यांच्या कॅसेटींची ट्रंक तू माळ्यावरून काढलीस आणि अप्पा खुर्चीत बसून तुला हुकूम सोडत होते. गडहिंग्लजच्या दुकानात गल्ल्याशेजारी तो टेपरेकॉर्डर ठेवून ह्या माणसानं काय काय भरून ठेवलंय! गुळाच्या भावावरून घातलेली हुज्जत, कुस्तीचं मैदान, तुझे सतराच्या पाढ्यावर अडकलेले हुंदके, आणि चटणी कुटताना तुझ्या आईनं, अव्वांनी, अख्ख्या गल्लीचा केलेला उद्धार. मध्येच अव्वांचा आवाज येतो, 'बंद करा की ते, समदं भरतंय त्यात,' आणि अप्पा म्हणतात, 'भरू दे की, त्याला काय खायाला लागतंय व्हय?' माझ्यासारख्या जावयालाही त्यांनी सोडलं नव्हतं. एका कॅसेटीत ते मला विचारतात, 'पावणं, च्या घेतलासा का?' आणि मी इतक्या बारीक आवाजात 'हो' म्हणतो, की तो मीच का, अशी मला शंका येते.

मी रोज दुपारी एक कॅसेट वाजवायची, ती कॉम्प्युटरात उतरवायची, आणि दिवेलागणीला काळी खिडकी उघडून तू शिकवलेली ती एक ओळ एका बोटानं टाइप करायची. मग तो 'अप्पा' नावाचा फोल्डर वायरीनं जोडलेल्या बाहेरच्या डबीत कॉपी व्हायचा आणि शेवटी पडद्यावर तू लिहून ठेवलेलं उमटायचं: 'झालं दाजी, आता जेवा.' खरं सांगू? नोकरीत एवढी वर्षं काढली, पण काम झाल्यावर मला कुणी 'आता जेवा' म्हटलं नव्हतं. मी ते रोज मोठ्यानं वाचायचो आणि मगच पाटावर बसायचो. अप्पा गेल्यावरही मी त्यात खंड पाडला नाही.

आणि यंदा अप्पांच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाच्या दिवशी ते बंद पडलं. (त्या दिवशी तू नव्हतास. तुझ्या ऑफिसात कसलं तरी रिलीज होतं. असो.) सगळी माणसं जेवून गेल्यावर मी जरा निवांत कॉम्प्युटरपाशी बसलो आणि आवराआवर केली. तुला माझा स्वभाव माहीत आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत मी स्टोअरकीपर होतो आणि आमच्या स्टोअरात पाटी बरोबर नाही असा एक खण दाखवला असतास तर मी मिशी काढली असती. आमचे एक सुपरवायझर वारले, तेव्हा त्यांच्या हातमोज्यांच्या खणावरही मी 'कै.' लावलं होतं. तर इथं बघतो, फोल्डरला नुसतं 'अप्पा'! पुण्यस्मरणाच्या पत्रिकेवर आपण 'लिं. वीरभद्राप्पा' असं व्यवस्थित छापलेलं, म्हणजे लिंगैक्य, आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे, आणि कॉम्प्युटरात मात्र नुसतं एकेरी. मला ते बरं दिसेना. मी तिथं 'लिं. अप्पा' असं शुद्ध करून टाकलं. मनाला समाधान वाटलं. आणि बघ योगायोग, त्याच संध्याकाळी हे यंत्र बिघडलं.

बिघडलं म्हणजे कसं, तर ओळ टाइप केली की इंग्रजीत उलट उत्तर: अप्पा नावाचं इथं काही अस्तित्वात नाही. अरे, नाही कसं? शेजारच्या खिडकीत मला ढळढळीत दिसतंय, चांगलं मानानं नाव लिहिलेलं! मी वायर काढून घातली. डबीवरची धूळ रंगाच्या ब्रशनं झाडली. बोट जोरात आपटून बघितलं. मग वाटलं, इतके दिवस आपण नुसता हुकूम सोडतोय, त्याला राग आला असेल, म्हणून ओळीच्या आधी 'कृपया' लिहिलं. तर म्हणतं, कृपया कोण, मी ओळखत नाही. शेवटी डबीला विभूतीची तीन बोटं ओढली. त्यावर तुझी अक्का हसली नाही. ती पडद्याकडं बघत उभी होती. म्हणाली, 'काय लिवलंय त्यात?' मी सांगितलं. तर म्हणाली, 'रोज सांजच्याला हे यंत्र माझ्या घरात बसून अप्पा न्हाईत म्हनून सांगतंय व्हय?' आणि आत गेली. त्या दिवशी भाकरी करपली.

मग कोपऱ्यावरच्या राजवर्धनला बोलावलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि औषध एकच आहे. म्हणाला, 'काका, मशीन म्हातारं झालंय, कवाबी बसंल. फॉरमॅट मारू, एकदम नवं करून देतो.' फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं, हे कळल्याबरोबर तुझी अक्का मधे येऊन उभी राहिली. 'पावणं,' म्हणाली, 'च्या घ्या आन् सुटा.' तो बिचारा चहा न घेताच सुटला.

तो म्हणाला ते खोटं नाही. मशीन सुरू करताना गिरणीसारखं घरघरतं, आणि ज्या दिवशी बसेल त्या दिवशी बसेल. जुन्या कॅसेटी डबीत आहेत, त्यांची काळजी नाही. पण पुण्यस्मरणानंतर मी उतरवली ती ट्रंकेतली शेवटची एक कॅसेट फक्त या घरघरणाऱ्या पेटीतच आहे, कारण ती एकदाच वाजली आणि फीत तुटून चुरा झाली. तिच्यावर अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं: 'शिवलीला सासरी.'

आमच्या लग्नातली रे. पहिल्यांदा नुसता बँड. मग गाडीत भांडी चढवताना अप्पांची आरडाओरड, अव्वांचं रडणं, गाडी निघाल्याचा आवाज. (त्या गाडीत मी होतो, फेटा मांडीवर घेऊन. मागं काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.) अप्पा टेप बंद करायचं विसरलेले. बराच वेळ काहीच नाही. भांडं सरकल्याचा आवाज, कुणाची तरी खोकल्याची उबळ. आणि मग अप्पा नेहमीच्या सवयीनं हाक मारतात, 'शिवा, पानी आन गं.' कुणी येत नाही. पुन्हा, 'ए शिवा.' मग अव्वांचा आवाज, 'आता कुठली शिवा? गेली की ती.' त्यानंतर खटका. टेप बंद.

आम्ही दोघं ऐकत बसलो होतो. मी तिला सासरी आणलं याचं मला इतक्या वर्षांत कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दुपारी वाटलं.

म्हणून सांगतो, ही एवढी एक गोष्ट वाचली पाहिजे. काय करायचं ते कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पाठव. फोनवर 'सिंपल आहे दाजी' म्हणू नकोस.

तुझा दाजी,
गुंडू

ता. क. खरं म्हणजे हे पत्र लिहायला बसण्याआधीच, गेल्या मंगळवारी, ते आपोआप चालू झालं. 'झालं दाजी, आता जेवा' आलं. ती कॅसेटही डबीत गेली. माझा संशय विभूतीवर आहे, फक्त तिला गुण यायला वेळ लागला. पण अक्काला मी सांगितलेलं नाही. तिला म्हणालोय, हे एकट्या रेवणलाच जमेल आणि तेही समोर बसून. पुण्यस्मरणाला ती तुझं ताट वाढून दुपार टळेपर्यंत झाकून बसली होती, हे तुला ती कधी सांगणार नाही. गणपतीत ये. आल्यावर दोन तास टकटक कर, कपाळाला आठ्या घाल, आणि दुरुस्त झालं म्हणून सांग. दाजीची अब्रू तुझ्या हातात आहे.

ता. क. तम्मा, मी अक्का. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडंच दिलंय, आन् पाकिटाला डिंक मीच लावायचा, हे यांच्या ध्यानात न्हाय. विभूती-बिभूती काय न्हाय. यांनी लावलेलं 'लिं.' मी पुसलं, तवा चाललं. यंत्राला नुसतं अप्पा ठाऊक, त्याला लिं. अप्पा कसं सापडत्याल? मला तरी कुठं सापडत्यात? पत्रिकेवरचं पावण्यांसाठी. घरात अप्पा ते अप्पाच. यांना सांगू नको, विभूतीवर लई खूश हाईत. आन् चालू झाल्यालं मला कळलं न्हाय म्हनं! 'आता जेवा' इतक्या मोठ्यानं वाचत्यात, की शेजारचीबी पाटावर बसत्यात.

दुरुस्तीला काय न्हाय, तरी ये. ती कॅसेट तू ऐकायची हाईस. परवा ऐकताना अप्पांनी पानी मागितलं आन् मी उठून तांब्या भरून आनला. आनल्यावर कळलं. यांनी तांब्या घेतला आन् पिऊन टाकला. तू आलास की तांब्या तुझ्या हातात देनार हाय.