देवी नव्हती, मी होते

सणसर,
मंगळवार, १८ फेब्रुवारी २०२५

प्रिय राजनंदिनीस,

थोरल्या जावेचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तुझा सूरज आता रांगायला लागला असेल. दिग्विजयभाऊजी तोडणीच्या टोळीमागं दिवसभर उसात असतात आणि घरी आले की कुणाशी बोलत नाहीत. तू फोन उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकलं नाही. म्हणून वहीचा कागद फाडून लिहायला बसले. दहावीनंतरचं पहिलंच पत्र आहे, अक्षराला हसू नकोस.

काल बारामतीला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. म्हणाल्या, आता माझ्या आजाराचं नाव ठामपणे सांगता येतं. थोड्या दिवसांचा मनाचा आजार होता. बाळंतपणानंतर एखादीला होतो, झोप पार उडते, भलतंच दिसायला-ऐकायला लागतं. येतो अचानक आणि महिन्याच्या आत पूर्ण जातो. तसा तो गेला की मगच नक्की म्हणतात. दुसरं काही नाही ना, म्हणून आधी रक्त तपासलं होतं, थायरॉइड बघितलं, डोक्याचा फोटोसुद्धा काढला. गोळ्या मात्र आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत, आणि पुन्हा दिवस गेले तर सगळ्यात आधी त्यांना सांगायचं.

माणसाचं डोकं काय चीज आहे गं! त्या दिवसांत कारखान्याचा भोंगा मला नावानं हाका मारायचा. कॅलेंडरातले आकडे माझ्याकडे बघून हलायचे. मला जराही शंका आली नाही. आत्ता हा कागद समोर आहे ना, तितकं ते खरं होतं. आणि दवाखान्यात सहाव्या दिवशी सकाळी जाग आली, तर पंखा नुसता पंखा होता. मी कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत पडले आणि मग रडले. गोळ्या आणि झोप, एवढ्यावर आख्खी मी परत आले. अजून मला त्याचं नवल वाटतं. भाजी निवडता निवडता थांबते आणि बोटांकडे बघत राहते.

घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, मला त्यातलं काही आठवत नाही.

ते खोटं आहे. सगळं आठवतं.

मी माझ्या तान्ह्या पोरीला जवळ घेत नव्हते, तेव्हा तू सूरजला खाली ठेवून तिला अंगावर पाजत होतीस. "आत्याबाई, हे देवीचं न्हाय, ताईंना दवाखान्यात न्या," असं घरात तू एकटीच म्हणालीस. ह्यांना काही सुचत नव्हतं. आत्याबाईंनी, सासू असून, मला देवी म्हणून पाटावर बसवलं, मळवट भरला, ओटीत नारळ घातला आणि विचारलं, "आई, घरात काय वंगाळ हाय, सांग." मी तुझ्याकडे बोट केलं. "हिच्या दुधात इख हाय. माझ्या लेकीला मारतीया." सगळ्यांनी हात जोडले. देवीचा शब्द म्हणून दुसऱ्या दिवशी तुला सूरजसकट कळंबला धाडलं.

जाताना तू सुप्याला अविराजला फोन केलास, हे त्यानंच मला दवाखान्यात सांगितलं. तुझ्या फोनवरच तो गाडी घेऊन आला होता. घरातून हाकललेली बाई स्टँडवर उभी राहून, जिनं हाकललं तिलाच वाचवायला माझ्या भावाला फोन करते. राजनंदिनी, हे तुला कसं जमलं? मी वयानं मोठी, पण मला तुझ्या पाया पडावंसं वाटतं.

मग घरी आल्यावर मी तीन आठवडे गप्प का? दर मंगळवारी आळीतल्या बाया ओटी भरायला यायच्या, पाया पडायच्या, आणि मी बसायचे पाटावर. वाटायचं, खरं सांगितलं तर वेडी म्हणतील, पोर हातात देणार नाहीत. वेडीपेक्षा देवी बरी. तुझ्यावरचा आळ तसाच राहिला तो आजारामुळं नाही, माझ्या भित्रेपणामुळं.

आज पुन्हा बाया आल्या. मी बसले नाही. उभ्यानंच म्हटलं, "देवी न्हवती ती. मी आजारी हुते. राजनंदिनीच्या दुधात कायबी न्हवतं." शेजारच्या फुलाबाई खण-नारळ हातात धरून तशाच उभ्या. आत्याबाई म्हणाल्या, "देवी न्हवती, तर मग धाकटीला घराभायेर काढली कुणी?"

"आपन," मी म्हटलं.

त्या आत गेल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा रडताना ऐकलं.

गुरुवारी आत्याबाई, भाऊजी आणि मी कळंबला येतोय. तुझ्या आई-वडिलांपुढं, शेजाऱ्यांना बोलावून, मी हे मोठ्यानं सांगणार आहे. परत यायचं की नाही ते तू ठरव. नाही म्हणालीस तरी ऐकून घेईन. पोरगी आता डब्याच्या दुधावर आहे, बाळसं धरलंय. पण ते तीन दिवस ती तुझ्या दुधावर जगली. मोठी झाली की तिला हे मीच सांगणार आहे, आणि मी काय बोलले तेही.

अंगात कुणीही नसताना, पूर्ण शुद्धीवर लिहिणारी,
तुझी अपराधी
उत्कर्षा