सव्वा महिन्याचं बोलावणं

॥ श्री ॥
बेटेगाव, बोईसर
४ डिसेंबर २०२४

ती. सौ. हंसाताईस,
जयवंतीचा सा. न. वि. वि.

दिवाळीनंतर तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहायला बसले. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडून बोललेलं आमच्या अख्ख्या चाळीला ऐकू जातं. त्यापेक्षा पोस्टमन बरा.

बातमी सांगते, हसू नकोस. परवा पालघरला आमच्या औषध केंद्रावर माझा सत्कार झाला. एचआयव्ही घेऊन वीस वर्षांच्या वर जगलेले आम्ही सात जण. शाल, नारळ, गुलाबाचं फूल, सगळं रीतसर. सगळ्यांत जुने मनोरचे दादू, त्यांना चोवीस वर्षं झाली. मग मी, बावीस. केंद्रावरच्या नव्या डॉक्टरने माइकवरून विचारलं की आजी, एवढं जगण्याचं गुपित काय. मी सांगितलं की मला दोनच वर्षं दिली होती, पण मी मोजायचं विसरले. सगळे हसले, दादू तेवढे हसले नाहीत. परतताना रिक्षात म्हणाले की आपल्यासंगती लायनीत बसायची ती मानसा कोनी नाय उरली, एक नारळ त्यांच्या नावाचा ठेवायला पायजे होता. त्या डॉक्टरने मला आजी म्हटलं, ते ऐकून मला काय वाटलं असेल ते तुलाच कळेल.

शाल कुठली म्हणून चाळीत विचारलं, तर भजनी मंडळाने दिली असं ठोकून दिलं. आता सगळ्या जणी एखादा अभंग म्हण म्हणून मागे लागल्या आहेत.

तब्येतीचं म्हणशील तर उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, साखर काठावर, आणि हाडं ठिसूळ. जुन्या गोळ्यांनी हाडं खाल्ली म्हणतात. आमच्या समुपदेशक जागृती मॅडम म्हणाल्या की आता तुम्ही म्हातारपणानेच जाणार, तेव्हा सकाळी चालत जा. ताई, मला म्हातारपणाचे रोग झाले गं! येताना मी पाव किलो पेढे घेतले.

आता खरं विचारायचं ते. समिधाला सातवा सरत आला. तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या झाल्या का? सगळ्या म्हणजे सगळ्या. अडीच वर्षांची असताना ती स्वच्छ निघाली होती, तो कागद अजून माझ्या ट्रंकेत आहे, तरी जीव मानत नाही. पोटची पोर, पण तिला मावशीने असलं काय म्हणून विचारायचं? म्हणून तुला विचारते.

विश्रामभाऊजींना नमस्कार, समिधा आणि निमेशरावांना आशीर्वाद. आहे तशीच माया माझ्यावर राहू दे.

तुझी,
जयवंती


॥ श्री ॥
सफाळे
१२ डिसेंबर २०२४

चि. जयवंतीस,
हंसाताईचे अ. आ.

साखर काठावर आणि पाव किलो पेढे, हे एकाच पत्रात लिहिणारी तूच. सत्काराचं वाचून बरं वाटलं. यांना वाचून दाखवलं तर हे उठून बाहेर गेले, डोळे पुसून आले आणि धूळ गेली म्हणाले.

समिधाचे सगळे रिपोर्ट आले. तुझा तोही आला, त्यात काही नाही. तिनेच एकेक कागद मला वाचून दाखवला, हा काविळीचा, हा एचआयव्हीचा, सगळ्याच गरोदर बायकांचा करतात म्हणे. मी वालाच्या शेंगा सोलत होते. मान हलवली आणि सोलत राहिले. तेव्हा आता नीट झोप.

पहिलं बाळंतपण, म्हणजे ती इकडेच येणार. फेब्रुवारीच्या मध्यावर तारीख दिली आहे. माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे, खाली बसले तर मला उठवायला दोघं लागतात. आळीतल्या सगळ्या पोरांना भागी न्हाऊ घालायची, ती आता मुलाकडे मनोरला राहते. मी काळजीत, तर समिधाच म्हणाली की मावशीला बोलाव, तिला एकटीला तिकडे काय काम आहे. हे तिचं बोलणं, मी शिकवलेलं नाही.

तेव्हा सव्वा महिना ये. आणि मग परत जाऊच नकोस. पडवीजवळची खोली रंगवून घेऊ म्हणून हेच मागे लागले आहेत. गेल्या साली तुझं मनगट मोडलं, आठ दिवस एका हाताने भाकऱ्या थापल्यास आणि मला नवव्या दिवशी कळवलंस. असं किती वर्षं चालायचं?

दुसरं असं की आता तिला सांगून टाकू की तिची आई तू आहेस. तू तिला माझ्या ओटीत घातलीस तेव्हा आम्ही वापीला होतो. इकडे परत आलो तेव्हा ती सहा वर्षांची, गावाने आमचीच धरली. कुंदनराव गेल्यावर तुझ्या सासरच्यांनी तर मुलगी म्हणून तिला कधी विचारलंही नाही. माझ्या डोळ्यांदेखत तिने तुला ओळखावं, एवढीच माझी इच्छा आहे. आजाराचं मात्र बोलू नये. टीबी झाला होता, अंथरूण धरलं होतंस, म्हणून दिलीस, एवढं पुरे. तिच्या सासूबाई भल्या आहेत, पण असल्या गोष्टीत माणूस कधी फिरेल सांगता येत नाही. बाळंतपणात घोळ नको.

पेढे बंद कर. यांचे आशीर्वाद. माझ्या जिवाला तू लागून आहेस हे विसरू नकोस.

हंसाताई


॥ श्री ॥
बेटेगाव, बोईसर
२० डिसेंबर २०२४

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. खोली रंगवायची म्हणतेस, तेवढ्यानेच मला भरून आलं. पण तू म्हणतेस की आई सांगू आणि आजार लपवू. मी अगदी उलट म्हणते.

ज्या बाळाला मी पायावर घेणार, त्याच्या आईला ते हात कुणाचे आहेत हे कळायला हवं. मागाहून कुठून तरी तिच्या कानावर गेलं तर मी तिला काय तोंड दाखवू? मी जागृती मॅडमना विचारून आले. त्या म्हणाल्या की गोळ्या वेळच्या वेळी आहेत, रक्तात विषाणू सापडतही नाही, आणि न्हाऊ घातल्याने, कडेवर घेतल्याने तर हा आजार कधीच कुणाला झालेला नाही, तेव्हाही होत नव्हता.

तेव्हाही, ताई. ते ऐकून मी तिथल्या बाकावर बसूनच राहिले. माझा रिपोर्ट आल्यावर तू यायच्या आधीचे पंधरा दिवस मी तिला जवळ घेतलं नव्हतं. ती दोन्ही हात वर करून माझ्यापुढे उभी राहायची आणि मी दारातून तिच्याकडे ताटली सरकवायची. अडीच वर्षांची पोर. माझ्या डॉक्टरला तेव्हा कुणी सांगितलं नसेल, मला तर कुणीच सांगितलं नाही.

आणि आईचं म्हणशील तर ती शपथ मीच तुला घातली होती. तिने तुलाच आई म्हणावं, माझं नाव काढू नये. मी मरणार होते, म्हणून सगळं सोपं वाटलं. मग फुकटच्या गोळ्या आल्या. दर दिवाळीला तुमच्याकडे यायचे आणि वाटायचं की ही शेवटची, कशाला पोरीला आणखी एका आईचं रडू द्यायचं? अशा वीस शेवटच्या दिवाळ्या झाल्या. जगायचं आहे यावर माझा विश्वासच बसला नाही, तो बसेपर्यंत पोरीचं लग्न झालं.

मला ती हवी आहे गं. रोज हवी होती. तू तिची वेणी घालायचीस आणि मी पाहुणीसारखी ओट्यावर बसून चहा प्यायचे, तेव्हा कपातला चहा कधी संपला ते कळायचं नाही. पण तिला एक आई आहे, आणि इतकी चांगली आहे की तिच्या जागेवर बसायला मी धजणार नाही. मला मावशी म्हणून येऊ दे. पण खरी खरी येऊ दे.

भाऊजींना नमस्कार. रागावलीस तरी पत्र मात्र टाकत जा.

जयवंती


॥ श्री ॥
सफाळे
२ जानेवारी २०२५

चि. जयवंतीस,
अ. आ.

रागावलेच आहे. म्हणे जागेवर बसायला धजणार नाही! माझी जागा कुणी घेईल अशी आहे का? तिच्या कांजिण्या, तिचं दहावीचं गणित, तिच्या लग्नातले रुसवे, सगळं माझ्या अंगावरून गेलं आहे. तू आलीस म्हणून मी उठून कुठे जायचं?

तुझी शपथ मी मोडणार नाही. पण तिने मला सरळ विचारलं तर खोटंही बोलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. आजाराचं तुला सांगायचंच असेल तर तूच लिही, माझ्या हाताने ते व्हायचं नाही. ती अजून पंधरा दिवस पालघरलाच आहे, पत्र तिकडे घाल.

खोलीला पिवळा रंग दिला आहे. हे विचारतात की तुला आवडेल ना.

हंसाताई


॥ श्री ॥
बेटेगाव, बोईसर
६ जानेवारी २०२५

चि. सौ. समिधास,
जयवंतीमावशीचे अनेक आशीर्वाद.

मावशीचं पत्र बघून घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. तू मला बाळंतपणाला बोलावलंस, ते मला किती गोड लागलं ते लिहिता येत नाही. पण हो म्हणायच्या आधी तुला एक सांगायला हवं.

तुझे कुंदनकाका २००१ च्या पावसाळ्यात गेले ते एचआयव्हीने. २००२ च्या जानेवारीत माझा रिपोर्ट आला, मलाही तोच आजार. तुला माहीत असलेला टीबी नंतरचा. मला दोन वर्षं सांगितली होती. गोळ्या मिळाल्या, म्हणून राहिले. मी दिवाळीला येते तेव्हा पर्समध्ये ज्या गोळ्या असतात त्या रक्तदाबाच्या नाहीत, याच आहेत.

आमच्या केंद्रावरच्या मॅडम म्हणतात की माझ्या हाताने बाळाला काहीही होणार नाही. पण त्यांच्या शब्दावर जाऊ नकोस, तुझ्या डॉक्टरांना विचार, निमेशरावांना सांग. तू नको म्हणालीस तर मी रुसणार नाही, खरंच नाही. डिंकाचे लाडू करून पाठवीन. तेही नको असतील तर तसं मोकळेपणाने कळव, मनात काही ठेवू नकोस.

जड उचलू नकोस. मावशीला मनातून काढू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
मावशी


॥ श्री ॥
सफाळे
२२ जानेवारी २०२५

ती. मावशीस,
समिधाचा सा. न.

शाळेतल्या निबंधानंतर हे माझं पहिलंच पत्र. वरचं सा. न. आईला विचारून घातलं आहे. तू कागदावर लिहिलंस, म्हणून मीही कागदावरच लिहिते.

डॉक्टरांना विचारलं. काही होत नाही म्हणाल्या, आणि वीस वर्षं एकही गोळी न चुकवणारी बाई असेल तर तिला माझ्याकडे आण, माझे पेशंट लोहाच्या गोळ्या खात नाहीत, असंही म्हणाल्या. निमेशने तुझं पत्र वाचलं आणि लाडवांना हो म्हणून कळव म्हणाला. सासूबाईंना पचायला दोन दिवस लागले. आता म्हणतात की मी येऊन बघेन. येऊ देत, बघू देत.

लाडू पाठवू नकोस, घेऊन ये.

आता दुसरं. तुझ्या पत्रातल्या तारखा माझ्या डोक्यातून जाईनात. २००२ च्या जानेवारीत मी अडीच वर्षांची. आमच्या अल्बममध्ये माझा त्याच्या आधीचा एकही फोटो नाही. मी लहानपणी विचारलं होतं तेव्हा आई म्हणाली होती की वापीला आपल्याकडे कॅमेराच नव्हता. पण बाबांच्या कंपनीच्या सहलीचे २००१ सालचे फोटो आहेत, त्यात आईबाबा आहेत, मी नाही. रविवारी इकडे राहायला आले आणि स्वयंपाकघरात जाऊन आईला विचारलं की मी मावशीची का. एरवी आईला एक गोष्ट तीनदा सांगावी लागते. हे मी हळूच विचारलं आणि तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं. गॅस बंद करून ती स्टुलावर बसली आणि तिने मला सगळं सांगितलं.

मी चिडले आहे, मावशी. आजारावर नाही, तुम्हा दोघींवर. मी मोठी झाल्यावर तरी मला विचारायचं होतं की मला किती आया हव्यात. तू दर दिवाळीला चिवड्याचा डबा घेऊन यायचीस, मी वाकून नमस्कार करायचे, आणि तू लांबूनच पाठीला जेमतेम बोटं लावायचीस. मला वाटायचं की मावशीला मी फारशी आवडत नाही. हे वाटलेलं कुणी भरून देणार?

तुला काय हाक मारायची ते मला अजून कळत नाही. आई म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे हीच येते, आणि ते तसंच राहणार. दुसरी हाक तोंडात आली तर येईल, नाही आली तर मावशीच म्हणेन. तेवढं तुला चालवून घ्यावं लागेल.

पाच तारखेच्या आत ये. बाबा स्टेशनवर येतील. औषधं महिन्याऐवजी दोन महिन्यांची माग, आणि पुढची इथूनच पालघरला जाऊन आणू. पिवळ्या खोलीचा वास गेलाय.

इथे सगळे जण बाळाच्या न्हाणाचंच ठरवतायत, पाट कुठला, तेल कुठलं. बाळाला काय, सगळेच घेतील. पण बाळंतिणीलाही सव्वा महिना तेल लावून न्हाऊ घालतात म्हणे. आईचे हात मला पाठ आहेत. तुझे मला आठवत नाहीत. म्हणून तू आलीस की बाळाची वाट बघायची नाही. आल्या दिवशीच मला न्हाऊ घाल.

तुझी,
समिधा